दाखला काढू नकोस

बारावीतला मुलगा बाप होणार आहे हे घरात कळलं की पहिल्या आठ दिवसांत दोन गोष्टी ठरतात. लग्न झालेलं नसेल तर ते कुठे आणि किती माणसांत उरकायचं, ही एक. तिच्यावर रात्र रात्र बोलणं होतं, मामा-काका येतात, मध्यस्थ बसतात. दुसरी कुणी न बोलताच ठरते: पोट्ट्याचं कॉलेज बंद. वडील कॉलेजात अर्ज देतात, कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहितात आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतात. दाखला पेटीत जातो, मुलगा संत्र्याच्या तोडीवर.

हा लेख त्या मुलासाठी आहे, म्हणून त्याच्याशीच बोलतो. मायबापांनी वाचला तर बरंच. मधे मधे त्यांच्यासाठीही लिहिलं आहे. डोळ्यांसमोर मोर्शी-वरूडचा भाग आहे, पण नियम बहुतेक सगळीकडे तेच.

तर, दाखला काढू नकोस. लग्न झालं किंवा मूल झालं म्हणून बारावीला बसता येत नाही असा बोर्डाचा कुठलाही नियम नाही. कॉलेजच्या पटावर नाव आहे तोवर परीक्षेचा अर्ज कॉलेज भरतं, तोंडी आणि प्रात्यक्षिकं कॉलेजात होतात, अडचण आली तर बोलायला ओळखीचे सर असतात. नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के हजेरी लागते. बाळंतपणाच्या आणि आजारपणाच्या दिवसांत ती घसरणार, म्हणून दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेव आणि हजेरी कमी पडण्याआधीच प्राचार्यांना अर्ज दे, नंतर नव्हे. सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. एका शिक्षकाला मात्र खरं सांग. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस थट्टा होईल, पाचव्या दिवशी दुसरं काही निघेल.

दाखला निघालाच असेल तरी दार बंद झालेलं नाही. आपल्या अमरावती विभागीय मंडळात खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरतात. तो ऑनलाइन असतो, पावसाळ्याच्या महिन्यांत निघतो, आणि मूळ दाखला सोबत लागतो, म्हणून पेटीतला तो कागद हरवू देऊ नकोस. बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात. विज्ञान शाखेत असशील तर प्रात्यक्षिकांचं काय होणार हे संपर्क केंद्राच्या कॉलेजात आधी विचार, मगच नाव काढायचा विचार कर. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची. तिथे परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं मुदत आणि नऊ संधी. एका वेळी दोनच विषय द्यावेत असं वाटलं तर तेही चालतं, आणि आधीच्या बोर्डातले पास झालेले दोन विषय तिकडे धरून घेता येतात. घरात तान्हं मूल असताना एका फेब्रुवारीवर सगळं टांगून ठेवण्यापेक्षा हे बरं. तरी माझं मत असं, की कॉलेज चालू असेल तर ते सोडून मुक्त विद्यालयात जाऊ नकोस. घरी बसून अभ्यास करायला जी शिस्त लागते ती अठराव्या वर्षी फार थोड्यांकडे असते, आणि बाळ रडत असताना तर कुणाकडेच नसते.

आता पोलिसांचं. हे टाळून पुढे जाता येत नाही.

मुलीचं वय अठराच्या आत असेल तर तिची संमती होती की नव्हती हे कायदा पाहत नाही. पॉक्सोखाली गुन्हा होतो आणि दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. लग्न लावलं की केस मिटते, हा गावोगावचा समज चुकीचा आहे. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. लावणारे, ठरवणारे, मांडवात उभे राहणारे मोठे लोक त्यात येतात. दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलगा स्वतः अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, मोठ्यांच्या कोर्टात सहसा नाही. दोघांनी अठरा पूर्ण केली आहेत पण मुलगा एकवीसचा नाही, तर तो पॉक्सोचा विषय नाही. लग्न मात्र तेव्हाही कायद्यानं बालविवाहच ठरतं.

या भीतीपोटी घरं दोन गोष्टी करतात, आणि दोन्ही मुलीच्या जिवावर येतात. एक, दवाखानाच टाळतात. कोवळ्या वयातल्या गरोदरपणात रक्त कमी असतं, रक्तदाब चढतो, मूल दिवसांआधी आणि कमी वजनाचं होतं. तिला तपासणीची गरज इतरांपेक्षा जास्त असते. दुसरी, आधार कार्डावरचं वय फुगवतात. म्हणजे एका अडचणीला खोट्या कागदाची दुसरी जोडतात. करायचं ते हे: मुलीला आधी दवाखान्यात नोंदवा आणि त्याच दिवशी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. तिथे महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. फोन १५१०० वर करता येतो, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते. मुलीला तुझ्या घरी यायचंच नसेल, लग्न नकोच असेल, तर तो तिचा निर्णय आहे. बाल कल्याण समितीपुढे तिचं म्हणणं ऐकलं जातं. तू बाप आहेस ही गोष्ट त्यानं बदलत नाही आणि तुझा तिच्यावर हक्कही त्यानं येत नाही.

लोक जी गोष्ट सगळ्यात जास्त घाबरून विचारतात तिचं उत्तर मात्र सरळ आहे. बालविवाह प्रतिबंध कायद्याच्याच सहाव्या कलमानं बालविवाहातून झालेलं मूल सर्व बाबतींत औरस धरलं आहे. लेकराच्या नावावर कसलाही डाग नाही.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. याच पाहणीच्या गोषवाऱ्यात त्या वयाच्या बापांसाठी ओळच नाही. त्यामुळे तुझ्यासारखं कुणी नाही असं तुला वाटतं. आहेत, ते दुसऱ्याच्या बागेत कॅरेट उचलत आहेत.

तिथेच मला खरं म्हणायचं आहे ते येतं. कोवळ्या बापाचं शिक्षण बाळामुळे सुटत नाही. सुटतं ते ‘आता तू बाप झाला, कमव’ या वाक्यामुळे. आपल्याकडे बाप म्हणजे कमावणारा हे इतकं पक्कं आहे की त्याच्याकडे दुसरं काही मागायचं कुणाला सुचत नाही. पहिल्या वर्षी लेकराला पैसा फारसा लागतच नाही. सहा महिने आईचं दूध, तेही नुसतं. लसी सरकारी दवाखान्यात फुकट. वर्षाच्या आतलं मूल आजारी पडलं तर सरकारी रुग्णालयात औषधोपचार आणि नेणं-आणणं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. लागतात ते हात: उचलायला, झोपवायला, लंगोट बदलायला, बाळंतिणीला चार तास सलग झोप मिळू द्यायला. घरचे नेमके ते सोडून बाकी सगळं तुझ्याकडे मागतात.

हिशेब करून पाहा. आपल्याकडचा संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीला येतो. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच. २०२५ साली ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली, प्रात्यक्षिकं त्याच्या आधी जानेवारीच्या अखेरीपासून. म्हणजे ज्या आठवड्यांत बाग तोडायला माणूस मिळत नाही आणि व्यापारी घरी येऊन हाक मारतो, तेच आठवडे तुझे पेपरचे. तोडीचा दर गावागणिक बदलतो, म्हणून धरायला सरकारी दर घेऊ: २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. पन्नास दिवसांचे १५,६००. मायबापांनो, तुमच्या पोराची बारावी एवढ्याला विकली जाते. बारशाचा मंडप, जेवणावळ आणि डीजे यावर यापेक्षा जास्त जातात. बारसं घरात करा, आजीला पाळणा म्हणू द्या, आणि ते पैसे या दोन महिन्यांसाठी बाजूला ठेवा. पोराला ते उसने दिलेत असं वहीत लिहिलंत तरी हरकत नाही, त्यानं तो जरा ताठ बसेल. आंबिया बहार नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुटतो, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत त्यानं काम करावं. त्याला माझी ना नाही.

कामावर जाशील तेव्हा एक सांभाळ. फवारणी करून आलास तर आंघोळ करून, कपडे बदलून मगच लेकराला हात लाव. ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर भिजवू नकोस. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. मोठ्या माणसाला जे मारतं त्याचा अंश चार किलोच्या लेकराला पुरे आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती मुलीसाठी चांगली आहे, पण कोवळ्या बापाला ती बाळापासून तीन महिने लांब ठेवते. तू सासरवाडीला जातोस तेव्हा तू जावई असतोस. पाट मांडतात, पाहुणचार करतात, बाळ दोन मिनिटं दाखवतात आणि ‘तुम्हाला नाही जमायचं’ म्हणत परत घेऊन जातात. तिथे जावई होऊ नकोस. सासूबाईंना आधीच सांग की मला शिकवा. दर रविवारी जा, सकाळी जा, हात साबणानं धू आणि काम माग. मान धरून बाळ उचलणं, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बांधणं ही कामं चार वेळा केली की हातात बसतात. मूल कमी वजनाचं असेल तर डॉक्टर त्याला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं धरायला सांगतात. कांगारूसारखी ही ऊब बाळाला बापाच्या छातीवरही तितकीच मिळते आणि त्या तासात आई झोपू शकते. सासरवाडीत शर्ट काढून बसायची लाज वाटेल. दार लोटून घे.

आशाताई कधी येणार हे माहीत करून घे आणि त्यांतल्या एका तरी भेटीला हजर राहा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, वजन करते, ताप पाहते. ही घरोघरची पद्धत विदर्भातूनच देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. कमी शिकलेल्या बायकांना जे शिकता आलं ते बारावीतल्या पोराला जड नाही.

म्हणून ही लक्षणं पाठ कर, परीक्षेत येणार असल्यासारखी. बाळ दूध ओढेनासं झालं, नेहमीपेक्षा मलूल पडलं, अंग तापलं किंवा गार लागलं, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोज. साठ किंवा जास्त भरला तर धोका आहे. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नकोस. १०८ ला फोन कर, १०२ ची गाडीही बाळासाठी मिळते. मोर्शीला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथून पुढे अमरावतीला, जिल्हा स्त्री रुग्णालयात, ज्याला सगळे डफरीन म्हणतात, पाठवतील तर वाद न घालता जा. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे. बाळ छातीशी धरून ने.

आजीशी काही बाबतींत वाकडं घ्यावं लागेल. ते तूच घे, सुनेवर टाकू नकोस. मुलगा बोलला तर आजी रागावते, सून बोलली तर वर्षभर लक्षात ठेवते. डोळ्यांत काजळ नाही, नाका-कानात तेल नाही, बेंबीच्या नाळेला हळद-राख काही नाही. वर्षाच्या आत मध नाही, म्हणून मधातली गुटीही नाही. पोट फुगलं म्हणून डागायचं तर नाहीच. आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात त्यानं लेकरं दगावली आहेत. बंद खोलीत शेगडी पेटवून शेक नको, त्या धुरानं आई आणि बाळ दोघंही गुदमरू शकतात. मालिश, आंघोळ, गाणी, घट्ट दुपट्यात गुंडाळून मांडीवर निजवणं हे सगळं आजीचंच. त्यात तिच्या हाताला तोड नाही आणि ते तसं सांगावंही.

उन्हाळा वेगळा सांगायला हवा, कारण आपला उन्हाळा पुस्तकातला नाही. पारा ४४-४५ वर गेला की घरोघर एकच सुरू होतं, लेकराला पाणी पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मे महिन्यातही वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, फक्त जास्त वेळा पाजावं लागतं, आणि पाणी आईनं प्यायचं असतं. ते आणून हातात देणं तुझं काम. दिवसात सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर बाळाला पुरतंय. कूलरचा झोत सरळ पाळण्यावर नको. पाणी भरताना प्लग काढायचाच, अर्थिंग तपासून घ्यायचं. पावसाळ्यात झालेलं मूल पुढच्या मे महिन्यात रांगत असतं आणि कूलर जमिनीवरच असतो.

लसीचं कार्ड तुझ्याकडे ठेव. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. पुढचे डोस दीड वर्षाच्या सुमारास. तारखा मोबाइलमध्ये टाक. ज्या दिवशी टोचून आणाल त्या रात्री ते किरकिरणार, दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा असेल तर अभ्यास आदल्या दिवशी उरक.

अभ्यास कधी करायचा हा प्रश्न रात्रीचा आहे. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी, आणि दिवसरात्रीतून आठ ते बारा वेळा पितं. दोघांनी रात्रभर जागणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्यात दोघंही दिवसा कामातून जातात. रात्रीचे दोन भाग करा. नऊ ते एक बाळ तुझ्या खोलीत. आईनं पाजून झोपायचं. तू पुस्तक घेऊन बसायचं. रडलं की आधी लंगोट बघ, मग भूक. भुकेलं असेल तर आईच्या कुशीत नेऊन दे, पिऊन झालं की ढेकर काढून परत आण. एकनंतर तिची पाळी, आणि तू सकाळपर्यंत झोप. इतिहासाचे, मराठीचे धडे मोठ्यानं वाच. अंगाई आणि पेशवाई यांतला फरक बाळाला कळत नाही, आवाज ओळखीचा होतो आणि तुझा धडाही होतो. गणित-अकाउंट्स मात्र दिवसा. अर्धवट झोपेत केलेली ताळेबंदाची बेरीज कधीच जुळत नाही.

सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी तासभर रडणं. डोकं फिरतं, फिरणारच. अशा वेळी बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाळण्यात उताणं ठेव, दाराबाहेर दहा मिनिटं उभा राहा, दुसऱ्या कुणाला हाक मार. बाळाची आई आठवडे उलटले तरी रडत असेल, जेवत नसेल, बाळाकडे बघत नसेल, तर ‘नाटक’ म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना सांग. तुझंही मन बसलं असेल तर १४४१६ वर टेलि-मानसचा फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

इथवर सगळं तुझ्या बारावीविषयी झालं. तीही अकरावी-बारावीतच असेल. तिचा दाखला तर तुझ्याआधी निघतो आणि त्यावर कुणी दोन वाक्यंही बोलत नाही. शाळेत असताना बाप झालेला आपल्या सगळ्यांना माहीत असलेला मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. तेराव्या वर्षी लग्न झालं, त्यात शाळेचं एक वर्ष गेलं. राजकोटच्या हायस्कुलात एक इयत्ता गाळून त्यांनी ते भरून काढलं आणि पुढच्या वर्गात भूमिती नि इंग्रजी जड गेली तेव्हा मागे जावं असंही मनात आलं. १८८५ साली झालेलं पहिलं मूल तीन-चार दिवसांतच गेलं. १८८७ ला मॅट्रिक झाले, १८८८ ला हरिलाल जन्मले आणि त्याच सप्टेंबरात हा बाप विलायतेला निघून गेला. कस्तुरबांना लिहायला-वाचायला शिकवायचं राहून गेलं ही खंत त्यांनी आत्मचरित्रात मांडली आहे. शिक्षण पुरं झालं ते एकाचंच, आणि एक मूल बापाविना पहिली पावलं टाकायला शिकलं. ते एकशे चाळीस वर्षांपूर्वीचं. आज तिच्यासाठीही सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. बाळ सहा महिन्यांचं झालं, वरचं खाऊ लागलं, की तिचं नाव नोंदवा. पेपर तीन तासांचा आणि बाळाची भूकही तेवढ्याच अंतरानं, म्हणून पेपरच्या दिवशी तू बाळ घेऊन केंद्राबाहेर थांब. आत जाण्याआधी तिनं पाजावं, काढलेलं दूध झाकून सोबत द्यावं आणि मधे लागलं तर तू ते वाटी-चमच्यानं पाज. बाटली नको. उन्हाच्या दिवसांत ते दूध फार वेळ टिकत नाही, उरलं तर टाकून दे. दोघांचा पेपर एकाच दिवशी असेल तर एका आजीला आधीच बांधून ठेवा. आणि दुसरं मूल तीन वर्षांच्या आत नको. त्याची साधनं सरकारी दवाखान्यात आणि आशाताईकडे मिळतात, विचारायला लाजण्याचं कारण नाही.

कागदांचं थोडक्यात. जन्माची नोंद एकवीस दिवसांत फुकट होते, आणि जिथे जन्म झाला तिथेच होते. डफरीनला झाला असेल तर अमरावती महानगरपालिकेत, मोर्शीत नव्हे. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवून वर्षाच्या आत भरता येतं. आईचं वय आहे तेच लिहा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, म्हणून त्यात एक अक्षरही चुकीचं जाऊ देऊ नका. मग रेशनकार्डात नाव, मग बाल आधार. मुलगी झाली असेल आणि कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर अंगणवाडीत ‘लेक लाडकी’चा अर्ज विचारा. जन्मल्यावर ५,०००, मग पहिली, सहावी, अकरावीला टप्प्यानं आणि अठराव्या वर्षी ७५,०००, असे एकूण १ लाख १ हजार.

पुढचं ठरवताना एक गोष्ट इकडच्या मुलांना उशिरा कळते. पहाटे रस्त्यावर धावणारी निम्मी पोरं फौज किंवा पोलीस डोक्यात ठेवून धावतात. अग्निवीर भरतीला अविवाहित असणं ही अट आहे. लग्न झालं असेल तर ते दार बंद, त्याच्या क्लासला पैसे भरू नकोस. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीला तशी अट नाही; तिथे बारावी पास लागते. चारित्र्य पडताळणीत आधीचा गुन्हा, केस, निकाल सगळं विचारतात आणि लपवलेलं उघड झालं की नाव कापलं जातं, म्हणून केस झाली असेल तर तिचे कागद वकिलाकडून नीट घेऊन ठेव. २००५ च्या नियमांनुसार दोनपेक्षा जास्त मुलं असलेला सरकारी नोकरीला अपात्र ठरतो, हेही आत्ताच लक्षात असू दे. पोलीस भरतीत पुरुषांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणं आहे. सराव पहाटेच करावा लागतो, तर कोणत्या दिवशी तू धावायला जाणार आणि कोणत्या दिवशी बाळाला घेऊन बसणार हे तिच्याशी बोलून आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरव, कारण रात्री एकपासून ती जागी असते आणि पहाटेची झोप तिलाही हवी असते.